तळमजल्यावरची पार्टी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहींच्या कपाळावर आठी पडली असेल. हिप-हॉप? म्हणजे ढगळ कपडे, उलटी टोपी आणि दम न घेता भराभर काहीतरी म्हणत सुटणारी पोरं? खोटं कशाला सांगू, माझ्याही कपाळावर बरीच वर्षं हीच आठी होती. मी आयुष्यभर इतिहास शिकवला. मराठेशाही शिकवली, फ्रेंच राज्यक्रांती शिकवली, दोन्ही महायुद्धं शिकवली. पण या गोंगाटालाही इतिहास असेल, असं काही कधी मनात आलं नाही.

ती आठी उतरवली माझ्या नातवानं. माझी मुलगी न्यू जर्सीत असते. २०२३च्या उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा तो एका सकाळी म्हणाला, "आजोबा, तुम्हाला ऐतिहासिक जागा आवडतात ना? चला, एक दाखवतो." मला वाटलं, एखादा किल्ला असेल, नाहीतर रणांगण. हडसन नदीवरचा मोठा पूल ओलांडून आम्ही न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात शिरलो आणि लगेच वाहनांच्या कोंडीत अडकलो. रस्ता खंदकासारखा खोल, दोन्ही बाजूंना दगडी भिंती, वर इमारती. बऱ्याच वेळानं बाहेर पडलो आणि एका विटकरी रंगाच्या उंच इमारतीसमोर थांबलो. पत्ता, १५२० सेजविक अव्हेन्यू. शेजारून महामार्गाची घरघर चाललेली. ना बुरूज, ना पुतळा. मी विचारलं, "इथे काय झालं होतं?" तो म्हणाला, "इथे एक पार्टी झाली होती."

मी हसलो. पण घरी परतल्यावर वाचायला लागलो आणि हसू मावळलं. त्या पार्टीची आणि त्या कोंडीच्या रस्त्याची गोष्ट एकच आहे, हे तेव्हा लक्षात आलं. तीच आज तुम्हाला सांगणार आहे.

पंचवीस सेंटचं तिकीट

तारीख होती ११ ऑगस्ट १९७३. त्या इमारतीत कॅम्पबेल नावाचं कुटुंब राहत होतं, मूळचं जमैका बेटावरचं. त्यांची मुलगी सिंडी. शाळा सुरू व्हायची होती आणि तिला नवे कपडे घ्यायचे होते. पैसे कुठून आणायचे? तिनं युक्ती काढली. इमारतीच्या तळमजल्यावर रहिवाशांसाठी एक हॉल होता. तो भाड्यानं घ्यायचा, पार्टी ठेवायची आणि तिकीट लावायचं. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. आमंत्रणाची कार्डं हातानं लिहून वाटली. रेकॉर्ड लावायला घरचाच माणूस होता, तिचा अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह. चांगला उंच आणि दणकट, म्हणून सगळे त्याला हर्क्युलिसवरून 'हर्क' म्हणत. पुढे जग त्याला डीजे कूल हर्क म्हणून ओळखू लागलं.

क्लाइव्ह १९६७ मध्ये, बारा वर्षांचा असताना, जमैकातून इथे आला. जमैकात मोठाले कर्णे रस्त्यावर मांडून गाणी वाजवायची आणि गाण्यावर बोलत राहून लोकांना नाचवत ठेवायचं, अशी रीत होती. ती त्यानं लहानपणी पाहिली होती. ब्राँक्सच्या पोरांना मात्र जमैकाची गाणी फारशी रुचेनात. त्यांना जेम्स ब्राउनसारख्या कृष्णवर्णीय अमेरिकन गायकांची ठेक्याची गाणी हवी असत. हर्कनं त्या पोरांच्या पायांकडे नीट पाहिलं. त्याच्या लक्षात आलं की गाण्यात एक जागा येते. गायक थांबतो, बाकीची वाद्यं मागे सरतात आणि काही क्षण नुसता ठेका उरतो. आपल्याकडे भजनात बुवा थांबतात आणि पखवाज्याला मोकळं सोडतात ना, तसंच. त्या तुकड्याला 'ब्रेक' म्हणतात. पोरं त्याचीच वाट बघत भिंतीला टेकून उभी असत आणि तो आला की मैदानात उतरत.

पण तो तुकडा संपायचा काही सेकंदांत. मग हर्कनं एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन तबकड्यांवर लावायला सुरुवात केली. पहिलीवरचा ब्रेक संपत आला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली मागे फिरवायची. पाच-दहा सेकंदांचा ठेका हवा तितका वेळ लांबवता येऊ लागला. त्या ठेक्यावर नाचणारे म्हणून ते 'बी-बॉय', ब्रेकवर नाचणारे. त्यांच्या नाचाला पुढे जगानं ब्रेकडान्स हे नाव दिलं.

आता कुणी म्हणेल, एका पार्टीतून एवढी मोठी गोष्ट जन्माला येते का? नाहीच येत. भित्तिचित्रांची लाट त्याआधीच उठली होती. इतर वस्त्यांत इतर पोरंही रेकॉर्डशी खेळतच होती. इतिहासाला एक तारीख लागते, म्हणून आपण ती तारीख धरतो. खरा प्रश्न वेगळाच आहे. ब्राँक्समध्येच हे का झालं?

रस्ता कुणाच्या अंगणातून गेला

त्यासाठी मला त्या कोंडीच्या रस्त्याकडे परत जावं लागेल. त्याचं नाव क्रॉस ब्राँक्स एक्स्प्रेसवे. रॉबर्ट मोझेस नावाचा एक अधिकारी होता. लोकांनी कधी निवडून न दिलेला, पण न्यूयॉर्कचे पूल, उद्यानं आणि रस्ते कित्येक दशकं त्याच्या मर्जीनं बांधले गेले. त्यानं भर वस्तीतून हा महामार्ग काढला. काम १९४८ मध्ये सुरू झालं आणि १९६३ पर्यंत रस्त्याचा बहुतेक भाग वाहतुकीला खुला झाला. वाटेत ईस्ट ट्रेमाँट नावाची मोहल्ल्यासारखी नांदती वस्ती होती. डिसेंबर १९५२ मध्ये तिथल्या रहिवाशांना पत्रं आली की ९० दिवसांत घरं रिकामी करा. जेमतेम एका मैलाच्या टप्प्यात सुमारे दीड हजार कुटुंबांची घरं जाणार होती. रहिवाशांनी जवळून जाणारा दुसरा मार्ग सुचवला. त्यात पाडापाडी फार कमी झाली असती. मोझेसनं ऐकलं नाही.

एका रस्त्यानं सगळं बिघडवलं असं म्हणणं सोपं आहे, पण इतिहास इतका सरळ चालत नाही. त्याच काळात कारखाने शहर सोडून जात होते. गोरी मध्यमवर्गीय कुटुंबं सरकारी हमीच्या गृहकर्जावर उपनगरांत चालली होती. कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिकन कुटुंबांच्या वस्त्यांना बँका कर्ज द्यायला तयार नव्हत्या. रस्त्यानं वस्ती उसवली आणि बाकीच्यांनी तो टाका वाढवत नेला.

मग आगी लागू लागल्या. भाडं वसूल होईना, दुरुस्ती परवडेना, इमारतीला गिऱ्हाईक मिळेना. विम्याचे पैसे मात्र मिळत. काही मालकांनी माणसं लावून आपल्याच इमारती पेटवून दिल्या. आणि नेमक्या त्याच वर्षांत काटकसरीच्या नावाखाली शहरानं याच भागातल्या अग्निशमन तुकड्या बंद केल्या. १९७० ते १९८० या दहा वर्षांत दक्षिण ब्राँक्सच्या जनगणनेच्या काही विभागांत ९७ टक्क्यांहून अधिक इमारती आगीनं किंवा ओसाड पडून नाहीशा झाल्या. १९७५ मध्ये शहर दिवाळखोरीच्या काठावर आलं, तेव्हा शिक्षकांवर कुऱ्हाड पडली आणि शाळांतलं संगीत व चित्रकला त्यात आधी गेली. १९७७च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर इथल्या शार्लट स्ट्रीटवर येऊन उभे राहिले, तेव्हा त्यांच्या भोवती विटांचे ढीग होते. बॉम्ब न पडताही युद्धात बेचिराख झालेल्या शहरासारखं ते दृश्य होतं.

अशा ठिकाणी पोरांच्या टोळ्या होणार हे ओघानं आलंच. गल्लीगल्लीवर टोळीची हद्द आखलेली. दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकणं म्हणजे जिवाशी खेळ. २ डिसेंबर १९७१ रोजी 'घेटो ब्रदर्स' या टोळीनं भांडण मिटवायला पाठवलेला कॉर्नेल बेंजामिन नावाचा तरुण मारला गेला. सगळ्यांना वाटलं, आता सुडाचा वणवा पेटणार. पण त्या टोळीच्या म्होरक्यांनी सूड घ्यायचा नाही असं ठरवलं. ८ डिसेंबरला हो अव्हेन्यूवरच्या मुलांच्या क्लबात टोळ्यांचे पुढारी एकत्र बसले आणि तह झाला.

तहानं टोळ्या संपल्या असं नाही. हाणामाऱ्याही थांबल्या नाहीत. पण हद्दी थोड्या सैल झाल्या. एका गल्लीतलं पोर दुसऱ्या गल्लीतल्या गाण्याला जाऊ लागलं. या तहानंतर पावणेदोन वर्षांच्या आत सिंडीची पार्टी झाली. मला हा दुवा फार महत्त्वाचा वाटतो. आधी कुणीतरी सूड गिळला, आणि मग नाच झाला.

उरलंसुरलं घेऊन

पोरांकडे होतं काय? वाद्यं नव्हती, शिकवायला मास्तर नव्हते, हॉलच्या भाड्याला पैसे नव्हते. घरातल्या जुन्या रेकॉर्ड होत्या. रस्त्यावर दिव्याचे खांब होते. आपल्याकडे ज्याला आकडा टाकणं म्हणतात, तो प्रकार करून पोरांनी खांबावरून वीज घेतली आणि बागांमध्ये कर्णे लावले. फेकून दिलेला पुठ्ठा जमिनीवर पसरला की झाला रंगमंच. शहरभर फिरणारी भुयारी रेल्वे होती. तिच्या डब्यांवर रंगाच्या फवाऱ्यानं आपलं नाव लिहिलं की ते नाव आपण कधी पाय न ठेवलेल्या पॉश वस्त्यांत जाऊन यायचं. शहराला तो उपद्रव वाटला, आणि ज्याच्या भिंतीवर रंग पडला त्याचा राग मी समजू शकतो. पण ज्याला कुणी नावानं ओळखत नाही, त्याला आपलं नाव एवढं मोठं का लिहावंसं वाटलं असेल, याचाही विचार करायला हवा.

जोसेफ सॅडलर हा मुलगा व्यावसायिक शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकत होता. त्याला हर्कची पद्धत ढोबळ वाटे, कारण ठेका जोडताना सांधा दिसायचा. हा पठ्ठ्या भंगारातली यंत्रं उघडून बसायचा. रेकॉर्डवर खडूच्या पेन्सिलीनं खूण करायची, ती किती फेरे मागे आणली म्हणजे ब्रेक बरोबर सुरू होतो हे मोजायचं, आणि पुढची रेकॉर्ड आधी फक्त आपल्या कानाला ऐकू येईल अशी जोडणी करायची. हाच पुढचा ग्रँडमास्टर फ्लॅश. त्याच्या हाताखालचा थिओडोर लिव्हिंगस्टन हा आणखी लहान पोरगा. घरात आवाज मोठा केला म्हणून आई दरवाजात येऊन रागावू लागली, तेव्हा त्यानं फिरती रेकॉर्ड हातानं धरली आणि नकळत मागेपुढे केली. त्यातून जो खरखर आवाज निघाला, तो त्याला आवडला. आज जगभर ज्याला 'स्क्रॅच' म्हणतात, तो असा आईच्या ओरडण्यातून जन्मला, असं तो स्वतः सांगतो.

माइकवर बोलणारे सुरुवातीला फक्त नाचणाऱ्यांना चेतवत असत. हळूहळू बोलण्याला यमक आलं, यमकाला गोष्ट आली आणि गोष्टीतून सवाल-जवाब झडू लागले. कलगी-तुऱ्याचे सामने ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. मारामारीऐवजी शब्दांनी समोरच्याला चीत करायचं आणि निकाल भोवतालच्या लोकांनी द्यायचा.

गल्लीतून बाजारात

सहा वर्षं हे सगळं वस्तीतच राहिलं. १९७९ मध्ये न्यू जर्सीतल्या सिल्व्हिया रॉबिन्सन या बाईंनी तीन तरुण गोळा करून 'रॅपर्स डिलाइट' ही रेकॉर्ड काढली आणि ती जगभर खपली. ते तिघं ब्राँक्सच्या पार्ट्यांतले मुरलेले गडी नव्हतेच. त्यातल्या एकानं म्हटलेले शब्द ग्रँडमास्टर कॅझ या ब्राँक्सच्या रॅपरच्या वहीतले होते. कॅझला ना श्रेय मिळालं, ना पैसा. १९८२ मध्ये फ्लॅशच्या मंडळाच्या नावावर 'द मेसेज' आलं. त्यात नाचगाण्याची मौज नव्हती. मोडक्या इमारतीत राहणाऱ्या माणसाची घुसमट होती. हे गाणं म्हणजे वस्तीचं वर्तमानपत्र होऊ शकतं, हे त्या दिवशी लोकांना कळलं.

पुढचा इतिहास गौरवाचाही आहे आणि लाजेचाही. बाजाराला लवकरच कळून चुकलं की वस्तीच्या दुःखापेक्षा वस्तीतली बंदूक जास्त खपते. १९९६ मध्ये तुपाक शकूर आणि १९९७ मध्ये नटोरियस बी.आय.जी. हे दोन नामवंत रॅपर गोळ्यांना बळी पडले. दोघांनीही वयाची पंचविशी ओलांडलेली नव्हती. बायकांविषयी कितीतरी गाण्यांत जी भाषा आहे, ती मी या माइकवरून उच्चारू शकत नाही आणि तिचं समर्थनही करत नाही. पण तिला पहिलं सडेतोड उत्तर याच गाण्यातून आलं, हेही सांगायला हवं. क्वीन लतिफाचं १९९३ चं 'युनिटी' हे गाणं नेमकं त्याच शिव्यांविरुद्ध आहे आणि त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. दुसरीकडे, तरुणांनी लिहिलेली गाणी त्यांच्याच विरुद्ध गुन्ह्याचा पुरावा म्हणून न्यायालयात वाचली जाऊ लागली. कॅलिफोर्नियानं २०२२ मध्ये कायदा करून त्यावर मर्यादा घातली. कादंबरीतल्या खुनासाठी कादंबरीकाराला कुणी पकडत नाही, मग गाणाऱ्याला का, हा प्रश्न रास्तच होता.

प्रतिष्ठाही मिळाली. २०१८ मध्ये संगीताचं पुलित्झर पारितोषिक केंड्रिक लमार या रॅपरला मिळालं. त्याआधी ते शास्त्रीय आणि जॅझ संगीताबाहेर कधी गेलं नव्हतं. पुठ्ठ्यावरचा नाच २०२४ मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पोचला. पण मला अधिक मोलाचं वाटतं ते हे की जिथे जिथे तरुणांना आपलं कुणी ऐकत नाही असं वाटलं, तिथे तिथे हे गाणं गेलं. ट्युनिशियात २०१० च्या अखेरीस एका तरुणानं थेट राष्ट्राध्यक्षांना उद्देशून रॅप केलं आणि त्याला अटक झाली. काही दिवसांत ते राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाले. सेनेगलमध्ये २०११ मध्ये रॅपर आणि पत्रकारांनी मिळून तरुणांना मतदानासाठी उभं केलं.

आपल्या मुंबईतही ते आलं आणि आलं ते वस्तीतच. कुर्ल्याच्या नेझीनं २०१४ मध्ये आयपॅडवर स्वतःचं गाणं चित्रित केलं. अंधेरीच्या डिव्हाइननं त्याच्याबरोबर २०१५ मध्ये 'मेरे गली में' केलं. त्यांच्या आयुष्यांवरून स्फुरलेला 'गली बॉय' हा चित्रपट २०१९ मध्ये आला. त्याच वर्षी 'स्वदेशी' या मुंबईच्या मंडळीनं आरेच्या जंगलातल्या प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन वारली समाजाच्या जमिनीचा प्रश्न रॅपमधून मांडला. पन्नास वर्षं आणि दोन समुद्र ओलांडून आलेलं गाणं पुन्हा त्याच जागी येऊन उभं राहिलं. घर कुणाचं, जमीन कुणाची आणि रस्ता कुणासाठी?

इमारत वाचली

आता शेवटी त्या इमारतीकडे येतो. १५२० सेजविकमध्ये १०२ घरं आहेत. बेताच्या उत्पन्नाच्या लोकांना परवडावीत म्हणून सरकारी सवलतीतून ती बांधलेली. ठरावीक वर्षं उलटली की मालकाला या योजनेतून बाहेर पडून बाजारभावानं भाडं लावता येतं. २००७ च्या सुमारास मालकानं तेच करायचं ठरवलं. आगीच्या दिवसांत ही इमारत कुणाला नको होती. आता शहराला बरे दिवस आले होते, तर रहिवासीच नकोसे झाले.

रहिवासी संघटित झाले. त्यांच्याकडे पैसा नव्हता, पण एक वेगळीच संपत्ती होती. आपल्या तळमजल्यावर काय घडलं, हे त्यांनी जगाला सांगितलं. कूल हर्क स्वतः त्यांच्या बाजूनं उभा राहिला. जुलै २००७ मध्ये न्यूयॉर्क राज्यानं हिप-हॉपचं जन्मस्थान म्हणून या वास्तूची दखल घेतली. तरीही २००८ मध्ये इमारत विकली गेली, दुरुस्त्या रखडल्या आणि नवा मालक कर्जात बुडाला. रहिवाशांनी धीर सोडला नाही. अखेर शहराच्या मदतीनं ते कर्ज विकत घेतलं गेलं आणि २०११ मध्ये इमारत परवडणारी घरं राखणाऱ्या संस्थेच्या ताब्यात आली.

त्याच २०११ मध्ये कूल हर्क आजारी पडला आणि त्याच्याजवळ आरोग्य विमा नाही, अशी बातमी आली. अब्जावधींचा धंदा ज्या पार्टीतून निघाला, ती करणाऱ्या माणसाला दवाखान्याच्या बिलासाठी चाहत्यांच्या मदतीवर विसंबावं लागलं. या गोष्टीचा शेवट गोड आहे, असं मी म्हणूनच म्हणणार नाही.

त्या दिवशी मी नातवाला म्हटलं, "आत जाऊन तो हॉल बघू या." तो दारातच थांबला आणि हळूच म्हणाला, "नको आजोबा. लोक राहतात इथे." मी आयुष्यभर ऐतिहासिक जागा पाहिल्या. बहुतेक ठिकाणी पडक्या भिंती होत्या आणि माणसं केव्हाच निघून गेलेली होती. इथे खिडकीत कपडे वाळत होते, एक बाई सामानाच्या पिशव्या घेऊन आत शिरत होती आणि तिच्या मागून दोन पोरं जिना चढत होती. आम्ही बाहेरूनच इमारत पाहिली आणि परतलो.